अनुभव धागा: ब्रुअरीच्या काचेपलीकडे काय पाहिले?

धागाकर्ता, पुणे

पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही बिअर बनवणारी छोटी ब्रुअरी सुरू झाली, तेव्हा आपल्यासमोरच्या टाकीत तयार झालेली बिअर पेल्यात येते याचे अनेकांना अप्रूप वाटले होते. हे नाव म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीचा साहेबी उच्चार. तिथल्या लष्करी छावणीत मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई महिनोन्महिने काढत आणि त्या कंटाळ्यातून येणाऱ्या चक्रमपणाला ‘डूलाली टॅप’ म्हणत. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. बिअरच्या नळाशी जुळलेले नाते निव्वळ योगायोगाचे.

आता ब्रुअऱ्या बऱ्याच झाल्या आहेत आणि काही ठिकाणी आतून दाखवतातही. अशा भेटींचे अनुभव इथे लिहावेत. कोणती बिअर किती छान होती याचे शेरे पुष्कळ वाचायला मिळतात, म्हणून विनंती अशी की काय पाहिले, कोणी काय समजावले आणि त्यानंतर चव घेताना काही वेगळे जाणवले का, ते सांगावे.

सुरुवात मी करतो. शहरातल्या एका लहान ब्रुअरीत आम्ही चौघे सकाळी दहाला पोहोचलो, तेव्हा भरडलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, गरम पाण्यात भिजत होते आणि घरी नाचणीचे सत्त्व शिजताना येतो तसा गुळमट वास सगळीकडे भरला होता. गमबूट घातलेल्या ब्रुअरने सांगितले की त्याच्या दिवसाचा मोठा भाग टाक्या, नळ्या आणि फरशी धुण्यात जातो, कारण नको तो जिवाणू एकदा शिरला की सगळी टाकी आंबट होते. मग त्याने हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलफुलांच्या, हिरव्या गोळ्या तळहातावर दिल्या. दिसायला त्या थेट गुरांच्या पेंडीसारख्या. पण चोळल्यावर लिंबाच्या सालीचा आणि चिडाच्या लाकडाचा असा काही वास सुटला की तो दुपारपर्यंत हाताला होता. नंतर सहा छोटे पेले समोर आले, त्यांतल्या आयपीए या भरपूर हॉप्स घातलेल्या बिअरमध्ये मला तोच वास नेमका सापडला. एरवी मी तिला नुसती ‘कडू’ म्हणून बाजूला सारली असती.

निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, ठाणे

मी मद्य घेत नाही. लेक आणि जावई निघाले होते, म्हणून सोबत गेले आणि त्या दोघांपेक्षा जास्त प्रश्न मीच विचारले. बार्लीला मोड आणून ती वाळवली की तिच्यात विकरे (एन्झाइम) तयार असतात, आणि 65 ते 68 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ती पिष्टाची साखर करतात. आपल्या घरी मोड आलेल्या नाचणीचे पीठ घातल्यावर पेज पातळ आणि किंचित गोड होते, त्यामागे हीच क्रिया असते. पिष्ट संपले की नाही हे पाहण्यासाठी तिथल्या मुलीने पांढऱ्या बशीत दोन थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाकले. बटाट्याच्या कापावर आयोडीन टाकून निळा-काळा रंग दाखवण्यात माझी तीस वर्षे गेली. इथे रंग न बदलल्याचा आनंद साजरा होताना पहिल्यांदाच पाहिला. यीस्ट घालण्यापूर्वीचा तो गोड द्रव, ज्याला ती वर्ट म्हणत होती, मी चमचाभर चाखला. दाट आणि माल्टच्या दुधासारखा लागला. लेकीला गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास आला. त्यात केळे किंवा लवंग काहीही नसते, हे दोन्ही वास त्या विशिष्ट यीस्टमुळे तयार होतात, हे ऐकून मात्र तिघेही चकित झालो.

नाशिक

माझा अनुभव फारसा चांगला नाही. ठिकाणाचे नाव लिहीत नाही. पैसे भरून घेतलेली ‘टूर’ म्हणजे काचेबाहेर दहा मिनिटे उभे राहणे निघाली. टाक्या चकचकीत होत्या, पण आत काय आहे हे दाखवणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. पेले देताना सर्वांत काळी आणि कडक बिअर आधी आली, त्यामुळे नंतरची गव्हाची बिअर पाण्यासारखी लागली. सौम्य चवीकडून कडक चवीकडे जायचे असते, हे नंतर कळले.

दूध उत्पादक, मुळशी तालुका

आमची भेट मागच्या दाराने होते. साखर काढून घेतल्यावर उरलेला बार्लीचा चोथा मी आठवड्यातून दोनदा पिंपात भरून आणतो आणि वैरणीत मिसळून म्हशींना घालतो. उन्हाळ्यात तो दुसऱ्या दिवशीच आंबू लागतो, त्यामुळे फोन आला की हातातले काम टाकून निघावे लागते. म्हशींना चढते का, असे पाहुणे हमखास विचारतात. चढत नाही, यीस्ट घालण्याआधीच चोथा बाजूला काढलेला असतो. टूर घेणाऱ्यांना हा भाग कोणी दाखवत नाही, म्हणून लिहिले.

सध्या म्युनिक

इथून गाडीने चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेनला गेलो होतो. तिथली ब्रुअरी आज लहान राहिलेली नाही, पण तिची सुरुवात अगदी स्थानिक भांडणातून झाली. 1838 मध्ये खराब निघालेल्या बिअरची 36 पिंपे नगरभवनासमोर ओतली गेली, त्यानंतर नागरिकांनी मिळून नवी ब्रुअरी बांधली, आणि योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने 1842 मध्ये तिथे पहिली सोनेरी पिल्झनर तयार केली. गावाचे पाणी अतिशय मृदू आणि झाटेक भागातले हॉप्स जवळचे, त्यामुळे ती बिअर त्याच जागी जमून आली. तळघरातल्या बोगद्यांत इतका गारठा होता की मे महिन्यातही स्वेटर लागला. शेवटी ओकच्या मोठ्या पिंपातून थेट पेल्यात दिलेली, न गाळलेली बिअर प्यायलो. ती गढूळ, जाडसर आणि बाटलीतल्या बिअरपेक्षा खूपच भरीव होती. तीच बिअर आहे यावर पत्नीचा अजून विश्वास नाही.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

सॅन फ्रान्सिस्कोच्या पोट्रेरो टेकडीवरची अँकर ब्रुअरी मी आईवडिलांना दाखवली होती. फ्रिट्झ मेटॅग यांनी 1965 मध्ये ही डबघाईला आलेली ब्रुअरी विकत घेऊन सावरली, आणि अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअऱ्यांची लाट बरीचशी तिथून सुरू झाली असे मानतात. तांब्याच्या मोठ्या कढया पाहून बाबा म्हणाले, “आपल्या गुऱ्हाळाची आठवण झाली.” लागर प्रकारच्या बिअरचे यीस्ट एरवी थंडीत काम करते, इथे ते उथळ, उघड्या हौदांत तुलनेने उबदार हवेत आंबवत आणि त्यातून त्यांची ‘स्टीम’ बिअर होई. 2023 मध्ये ब्रुअरी बंद पडली. बाबांचा तिथला फोटो घरी लावलेला आहे. त्यात ते नाकाशी पेला धरून गंभीर चेहऱ्याने उभे आहेत. प्यायले मात्र एकच घोट.

नवी सभासद, पनवेल

आतून पाहायचे असेल तर नेमके काय विचारावे?

धागाकर्ता, पुणे

शनिवार-रविवार टाळून आदल्या दिवशी फोन करावा आणि “उद्या ब्रू आहे का?” एवढेच विचारावे. टाकी रिकामी असेल तर पाहण्यासारखे फार काही नसते. गाडी चालवणारा माणूस आधी ठरवावा. आणि बंद बूट घालावेत, कारण फरशी कायम ओली असते.