साठीनंतरची कला आणि सोबतीला मनाचा आजार: तुमच्या घरचे अनुभव लिहा

आमची आई ६८ वर्षांची. तिला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं. त्यावर लिथियम हे औषध चालू आहे, त्याने हात थरथरतो. ती गोधड्या शिवते. सुईत दोरा माझी लेक ओवून देते, पुढचं सगळं आईचं. जुन्या लुगड्यांचे थर लावायचे, कडेकडेने धावदोरा घालत आत यायचं. टाका वाकडा गेला की उसवते आणि पुन्हा घालते. यंदा प्रदर्शनात तिच्या गोधडीला पहिलं बक्षीस मिळालं. "आजारी असून केवढं केलं!" असं बरेच जण म्हणाले. मला ते लागलं. बक्षीस गोधडीला होतं, आजाराला नाही. तुमच्या घरी असं कोणी असेल तर लिहा. नावं नकोत.

*

माझ्या काकांना स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्यांनी कानातले आवाज कमी झाले, पुरते गेले नाहीत. ते भजनात पेटी वाजवतात. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी उतरत नाही, म्हणून मंडळाने सराव संध्याकाळी ठेवला. निवृत्तीनंतर त्यांनी तुकोबांच्या अभंगाला स्वतःची चाल लावली. एकादशीला मंडळ तीच म्हणतं.

*

जपानच्या चित्रकार यायोई कुसामांबद्दल वाचून मला बळ आलं. जन्म १९२९चा, लहानपणापासून भास होत. १९७७ पासून त्या स्वतःहून टोकियोतल्या मनोरुग्णालयात राहत आल्या आणि तिथून जवळच्या स्टुडिओत जाऊन काम करत राहिल्या. १९९३ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात जपानचं दालन त्यांचं होतं, म्हणजे साठी उलटल्यावर. माझा भाऊही पुनर्वसन केंद्रात राहून चित्रं काढतो. 'केंद्रात टाकलंय' म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी हे सांगते.

*

आमच्याकडे वेगळं. सासूबाई आजार उसळला की रात्ररात्र रांगोळ्या काढायच्या. गल्ली वाहवा करायची, पण त्या झोपलेल्याच नसायच्या हे आम्ही बघत होतो. औषधं सुरू झाल्यावर "माझा हात मेला" म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या आणि दवाखान्यात भरती करावं लागलं. मग डॉक्टरांसमोर त्यांनीच सांगितलं, बोटांतून रंग नीट सुटत नाही. डोस हळूहळू जुळवला. आता दिवाळीत ठिपक्यांची मोठी रांगोळी घालतात, पूर्ण करतात आणि वेळेवर झोपतात. पूर्वीपेक्षा रेघ जास्त साफ येते.

*

सासूबाईंना लिथियमच होतं का? आईची थरथर वाढलीय. आपल्या मनाने डोस कमी करायचा नाही हे पक्कं आहे. रक्तातलं प्रमाण तपासून घेणारच आहोत, शिवाय डॉक्टरांना अजून काय विचारावं?