मदत हवी आहे: गणपतीतल्या प्रश्नमंजुषेसाठी भांडण न लावणारे प्रश्न

ठाणेकरीण

सोसायटीच्या गणपतीत यंदा प्रश्नमंजुषा आहे आणि ती माझ्या गळ्यात पडली आहे. इतिहास, राज्यकारभार, साहित्य, संगीत, भूगोल अशा पाच फेऱ्या. संघात नववीतली मुलंही आहेत आणि सत्तरी ओलांडलेले काकाही.

प्रश्न जालावर ढिगाने सापडतात. पण आमच्याकडे एक वकील, दोन निवृत्त शिक्षक आणि स्पर्धा परीक्षेवाली मुलं आहेत. उत्तरात जराशी फट दिसली की संपलं. गेल्या वेळी 'भारतातली पहिली महिला डॉक्टर कोण?' यावरून आरती लांबली होती. कार्डावर आनंदीबाई जोशी, समोरून आलं कादंबिनी गांगुली. दोघींचं वर्ष 1886च. आनंदीबाईंनी पेनसिल्व्हेनियात पदवी घेतली, पण फेब्रुवारी 1887 मध्ये त्या गेल्या, दवाखाना चालवणं नशिबी आलंच नाही. मग तिसऱ्या संघाने रखमाबाईंचं नाव काढलं, की प्रत्यक्ष प्रॅक्टिस धरायची तर त्या. तिन्ही संघ आपापल्या म्हणण्यावर ठाम, आणि गुण कुणाला द्यायचे ते कुणालाच ठरवता येईना!

आता माझ्या यादीतल्या या प्रश्नांवर मला शंका आहे: भारतातली पहिली रेल्वे, पहिला भारतीय चित्रपट, भारताचं दक्षिण टोक, जगातली सर्वात लांब नदी. ठेवू की काढू? आणि संगीताच्या फेरीत मी पार कोरडी आहे. 'बालगंधर्वांचं मूळ नाव' सोडून काही सुचत नाही. कृपया मदत करा.

जुनाबाजार

'पहिला' आला की भांडण आलंच. युक्ती अशी, की तारीख किंवा ठिकाण प्रश्नातच घालून टाकायचं. 'पहिला भारतीय चित्रपट' विचारलात की कुणीतरी तोरण्यांचा 'पुंडलिक' (मे 1912) पुढे करणार, दुसरा म्हणणार ते तर नाटकाचं चित्रीकरण. त्यापेक्षा '3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा कोणता चित्रपट लागला?' असं विचारा. 'राजा हरिश्चंद्र', विषय संपला.

रेल्वेचंही तेच. 16 एप्रिल 1853ची बोरीबंदर-ठाणे ही प्रवासी गाडी. मद्रासकडे मालवाहतुकीचे रूळ त्याआधीच पडले होते. 'प्रवासी' हा शब्द गाळू नका, ठाण्यात तर मुळीच नको. लांब नदी काढून टाका, नाईल की अॅमेझॉन यावर तज्ज्ञांचंच जमत नाही. दक्षिण टोक ठेवा, पण 'मुख्य भूमीचं' म्हणा (कन्याकुमारी) किंवा 'बेटं धरून' म्हणा (ग्रेट निकोबारवरचं इंदिरा पॉइंट).

शिवजन्माची तारीख अजिबात नको, तिथीवाले आणि तारीखवाले दोन्ही तुमच्या इमारतीत असणारच. राज्याभिषेक विचारा, रायगड, 1674.

मिरजेचा तंबोरा

संगीतासाठी हे घ्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये गांधर्व महाविद्यालय कोणत्या शहरात काढलं? सगळे पुणे-मुंबई म्हणतील. उत्तर लाहोर. कुरुंदवाडचा माणूस तिथे जाऊन शाळा काढतो, हे ऐकून मंडळी सावरून बसतात.

साखळीचा प्रश्नही छान रंगतो. उत्तर प्रदेशातल्या कैरान्याहून आलेला एक गवई मिरजेत स्थायिक झाला, त्याचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर वेगळ्याच नावाने प्रसिद्ध झाले, आणि रामभाऊंच्या एका शिष्याला भारतरत्न मिळालं. तिघांची नावं सांगा. अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व, भीमसेन जोशी. प्रत्येक नावाला वेगळा गुण ठेवा म्हणजे कुणी रिकाम्या हाताने जात नाही. एक सूचना, 'सवाई गंधर्वांचे शिष्य' एवढंच विचारू नका, गंगूबाई हनगल कुणीतरी म्हणेलच, आणि ते बरोबरच आहे.

लहान मुलांसाठी फोनवर सतार, सरोद, संतूर, तंबोरा वाजवून ओळखायला लावा. राज्यगीताचे कवी कोण (राजा बढे), हेही चालेल.

बाकावरचा

राज्यकारभारात 'विधानसभेच्या जागा किती' विचारून काय मजा? 288 ही मुलं झोपेतही सांगतील. कारण विचारा: हिवाळी अधिवेशन नागपुरातच का? 1953चा नागपूर करार. 'पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष कोण' यावर ग. वा. मावळंकर हे नाव ज्येष्ठांना पटकन येईल, तरुणांची पंचाईत. चकवा हवा तर 'भारताची राष्ट्रभाषा कोणती?' घटनेत राष्ट्रभाषा नाहीच, कलम 343 राजभाषेचं आहे. पण हा चकवा शेवटी ठेवा, सुरुवातीलाच टाकलात तर पुढच्या प्रत्येक प्रश्नात लोक खोट शोधत बसतील.

जिल्ह्यांची नावं आली तर अहमदनगर-अहिल्यानगर, उस्मानाबाद-धाराशिव दोन्ही धरू असं आधीच जाहीर करा.

ठाणेकरीण

केवढं काम केलंत सगळ्यांनी! भूगोलासाठी मी एक रचलाय: 'सह्याद्रीत उगम, अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी सगळं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. मी कोण?' उत्तर गोदावरी. साहित्यात टोपणनावं घेतेय: केशवकुमार, बालकवी, ग्रेस, आरती प्रभू. आणि खांडेकरांच्या 'ययाति'च्या ज्ञानपीठाचं वर्ष विचारावं का?

जुनाबाजार

नदीच्या प्रश्नाला कृष्णाही बसते की! महाबळेश्वरहून समुद्र किती लांब आहे? तुमचे वकीलसाहेब सोडणार नाहीत. 'त्र्यंबकेश्वरी उगम' घातलंत तर फारच सोपं होईल, म्हणून 'वाटेत नांदेड लागतं' असं घाला.

वर्ष नको. पुरस्कार कोणत्या वर्षाचा आणि समारंभ कधी झाला, यात गल्लत होते. 'ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी लेखक' पुरे. इथे 'पहिले' चालतं, दुसरा दावेदार नाही. टोपणनावांत केशवकुमार (अत्रे) आणि केशवसुत (दामले) पाठोपाठ विचारा, गोंधळ बघण्यासारखा होतो.

बाकावरचा

बरोबरी झाली तर काय, ते ठरवून ठेवा. आम्ही आकडा विचारतो, जवळचा जिंकतो. कळसूबाईची उंची मीटरमध्ये कागदावर लिहून द्यायची, 1646.

ठाणेकरीण

हे बेस्ट. गड चढणाऱ्या मुलांच्या संघाला मात्र हा प्रश्न देणार नाही, त्यांच्यासाठी बोरीबंदर ते ठाणे अंतर ठेवते.

जुनाबाजार

34 किलोमीटर. आणि बरोबरीचा प्रश्न दोन्ही संघांना एकच द्यायचा असतो बरं का, वकील आहेत तिथे.