डोक्याला साबण लावणारे अडाणी?

खडूस_पेठकर: परवा इथे एका ताईंनी लिहिलं, "अजूनही डोक्याला साबण लावणारी माणसं बघून कीव येते." ती कीव परत घ्या. वय ५८, टाळूपासून टाचेपर्यंत एकच वडी. केस शाबूत. (पुढचे गेलेत, पण ते वडिलांचेही गेले होते.) रविवारी आई बंबाच्या पाण्याने शिकेकाई लावायची, बाकी दिवस साबणच. आणि 'शाम्पू' शब्द आला 'चांपो'वरून, म्हणजे चेपा! पाटण्याच्या दीन महंमदाने १९व्या शतकाच्या सुरुवातीला ब्राइटनला साहेबाचं अंग चेपून दिलं. बाटली मागाहून आली.

कीववाली_ताई: इतिहासाने केस धुतले जात नाहीत, काका. साबण अल्कधर्मी, पीएच ९-१०; डोक्याची त्वचा किंचित आम्लधर्मी, साधारण साडेपाच. केसावरचे खवले उघडतात, गुंता होतो. तुमचे दोन बोटं केस, तुम्हाला काय कळणार गुंता? माझे कमरेपर्यंत आहेत.

टँकरग्रस्त: पीएच राहू दे, पाणी बघा! पुण्याच्या पेठेत धरणाचं मऊ पाणी, काहीही चोळा. आमच्या उंड्रीच्या सोसायटीत बोअर नाहीतर टँकर. साबणाला फेसच नाही, बादलीत नासलेल्या दुधासारखा चोथा तरंगतो. क्षारांशी साबणाचं जमत नाही. कंगव्याच्या दातांत राखाडी मेण साचतं, ते मी टाचणीने काढतो. बिल्डर म्हणाला होता, "सहा महिन्यांत नळाचं पाणी." सात वर्षं झाली! गीझरची कॉइल दोनदा बदलली.

खडूस_पेठकर: म्हणजे दोष पाण्याचा. साबण निर्दोष सुटला. फ्लॅट घेताना नळ सोडून बघायचा होता.

टँकरग्रस्त: आयता वाडा मिळालेल्यांनी शिकवू नये. सकाळी पाइप लावून स्कूटर धुता ना? ते आमचं पाणी.

खडूस_पेठकर: बादलीने धुतो. पुसूनही घेतो.

कीववाली_ताई: अहो, केस! टँकरवाले दादा, साबणच लावायचा तर शेवटच्या तांब्यात लिंबू पिळा, मेण सुटतं. रिठा-शिकेकाईचा जड पाण्यातही असा चोथा होत नाही.

टँकरग्रस्त: शिकेकाईची भुकटी निघायलाच चार बादल्या लागतात. चार बादल्या!

खडूस_पेठकर: बरं, कबूल करतो. दिवाळीत लेकीकडे वाघोलीला होतो. तिसऱ्या दिवशी डोक्याची नारळाची शेंडी झाली. नातीचा स्ट्रॉबेरीच्या वासाचा शाम्पू लावला, दिवसभर ती मला हुंगत होती. घरी आल्यावर पुन्हा वडी. ताई, अर्धी कीव ठेवून घ्या.

टँकरग्रस्त: ते सोडा. लेकीच्या सोसायटीत टँकर कितीला पडतो, तेवढं विचारून सांगा.