बाल्टिक देशांची सावधगिरी आणि १९४० ची आठवण

गिरगावकर :
नमस्कार. फेब्रुवारी २०२५ मध्ये एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया यांनी आपले वीजजाळे रशियाच्या जाळ्यापासून तोडून युरोपच्या जाळ्याला जोडले. २००४ पासून नाटोचे कवच असताना हा खटाटोप कशासाठी? १९४० मध्ये सुरू झालेल्या सोव्हिएत ताब्याचा इतिहास आजच्या निर्णयांत खरोखर किती उरला आहे?

पार्लेकर :
१९४० च्या आधी १९३९ पाहावे. त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात या तिन्ही देशांना धाकाखाली सोव्हिएत संघाशी परस्पर साहाय्याचे करार करावे लागले आणि आपल्या भूमीवर त्याचे लष्करी तळ होऊ द्यावे लागले. त्यामुळे जून १९४० मध्ये निर्वाणीचा खलिता आला, तेव्हा परके सैन्य आधीच घरात होते, बाहेरून कोणी धावून येण्याजोगे नव्हते आणि तिन्ही सरकारांनी न लढता मान तुकवली. त्यानेही माणसे वाचली नाहीतच; जून १९४१ आणि मार्च १९४९ मध्ये हजारो कुटुंबे, लेकराबाळांसह, सायबेरियाकडे हद्दपार झाली. फिनलंडने मात्र लढून प्रदेश गमावला, पण स्वातंत्र्य राखले, आणि सक्तीची लष्करसेवा शीतयुद्धानंतरही सोडली नाही. विजेची कळ शेजाऱ्याच्या हाती असणे बाल्टिक देशांना त्या तळांसारखेच वाटत असणार, असे माझे मत आहे.

माहीमकर :
मला एस्टोनियाची एक व्यवस्था फार बोलकी वाटते. २०१७ च्या करारानुसार त्या देशाने जमिनीच्या आणि लोकसंख्येच्या नोंदींसारख्या सरकारी दप्तराच्या प्रती लक्झेंबर्गमध्ये ठेवल्या असून त्या जागेला दूतावासासारखे संरक्षण आहे. जमिनीच्या एका कागदासाठी खेटे घातलेल्या मुंबईकराला त्याचे मोल सांगायला नको. १९४० चे सोव्हिएत संघातले विलीनीकरण अमेरिकेने मान्य केले नव्हते, म्हणून जुन्या प्रजासत्ताकाचा कायदेशीर धागा १९९१ मध्ये स्वातंत्र्य परत मिळेपर्यंत तुटला नाही. भूमी गेली तरी राज्य उरावे, ही तजवीज त्याच अनुभवातून आलेली दिसते.

मुलुंडकर :
वरील मुद्दे मान्य आहेत, तरी एक बाजू राहून गेली. एस्टोनिया आणि लॅटव्हियात चौथ्या हिश्श्याहून अधिक रहिवासी रशियन भाषक आहेत, आणि त्यांतील पुष्कळ कुटुंबे सोव्हिएत काळात तिथे आली. १९४० पूर्वीच्या नागरिकांना व त्यांच्या वंशजांना आपोआप नागरिकत्व मिळाले. नंतर आलेल्यांना भाषेची परीक्षा द्यावी लागली आणि अनेकजण वर्षानुवर्षे कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते. तिथेच जन्मलेल्या माणसाकडे संशयाने पाहणे मला अन्यायाचे वाटते, आणि सुरक्षेच्या दृष्टीनेही ते घातक आहे.