मदत हवी: सोसायटीत पोलीस कामकाजाचा वर्ग ठेवायचाय, अर्जाला उत्तरच नाही

सोसायटी_सचिव: रहिवाशांना पोलिसांचं काम कसं चालतं ते नीट कळावं म्हणून वर्ग ठेवतोय. अधिकारी पाठवा म्हणून पोलिसांना अर्ज दिलाय, कुणी उत्तर देत नाही. हॉल ठरलाय. आता काय करू? लवकर सांगा.

पिंपळपान: अर्ज कुणाच्या नावे? चौकीत दिला की ठाण्यात? शहर की ग्रामीण हद्द? तारीख कोणती?

सोसायटी_सचिव: पुणे शहर. चौकीत दिला, नाव नाही घातलं. तारीख गणपतीतली, तेव्हा सगळे घरी असतात.

निवृत्त_अंमलदार: गणपतीत सगळं मनुष्यबळ बंदोबस्ताला असतं, तेव्हा अधिकारी मिळणारच नाही. नवरात्र, निवडणूक, 31 डिसेंबरही टाळा. नवा अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे, ठाण्यातच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पर्यायी तारखा, अंदाजे उपस्थिती आणि विषय लिहा. नुसतं 'मार्गदर्शन' लिहिलंत तर भाषण होईल. ठाणे अंमलदार काय करतो, तपासी अंमलदार कोण नेमतो, बीट म्हणजे काय, असे मुद्दे द्या.

शाळेची_घंटा: 2 ते 8 जानेवारीला रेझिंग डे (पोलीस स्थापना दिन) सप्ताह असतो. मुलांना ठाणं दाखवतात, शस्त्रांची माहिती देतात. तेव्हाच जा.

वकिली_बाणा: शस्त्रं बघून तक्रार लिहिता येत नाही! जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे शिबिर मागा, फुकट होतं. एफआयआर घ्यायला नकार दिला तर काय, हे पोलीस सांगतील का? भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (फौजदारी प्रक्रियेचा कायदा), कलम 173(4): पोलीस अधीक्षकांकडे लेखी (शहरात उपायुक्तांकडे), तिथेही नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात) असेल तर लगेच नोंदवावाच लागतो.

निवृत्त_अंमलदार: नेहमीच नाही. 173(3) वाचा. 3 वर्षं किंवा जास्त पण 7 वर्षांहून कमी शिक्षेचा गुन्हा असेल, तर वरिष्ठांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. हे लोकांना माहीत नसतं आणि ठाण्यात वाद होतात.

वकिली_बाणा: मान्य. पण ती चौकशी प्रथमदर्शनी गुन्हा आहे का एवढंच पाहण्यासाठी, तक्रार लांबवण्यासाठी नाही.

मधुरा_क: भाडेकरूची नोंद ऑनलाइन होते का?

पिंपळपान: होते, राज्य पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर. पण इथे विषय वेगळा आहे. सचिव, श्रोते कोण? ज्येष्ठ असतील तर 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर आधी शिकवा. ऑनलाइन फसवणुकीत पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी फोन लागायला हवा.

सोसायटी_सचिव: बहुतेक ज्येष्ठच. झिरो एफआयआर म्हणजे ऑनलाइन तक्रार ना? तेही घेऊ.

वकिली_बाणा: नाही! झिरो म्हणजे हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवणं. ऑनलाइन पाठवलेल्या माहितीवर 3 दिवसांत सही करावी लागते. दोन्ही वेगळं.

निवृत्त_अंमलदार: फलकावर आणखी एक लिहा: एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. अदखलपात्र तक्रारीत दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. 'एनसी (अदखलपात्र तक्रार) दिली, पोलीस काहीच करत नाहीत' ही तक्रार बहुधा इथूनच येते.

शाळेची_घंटा: मग जानेवारीची तारीख पर्यायात टाका, मुलंही येतील.

निवृत्त_अंमलदार: टाका. पण मुलांचा कार्यक्रम वेगळ्या वेळी ठेवा, नाहीतर ज्येष्ठांचे प्रश्न राहून जातात. सचिव, सोसायटीचं लेटरहेड आणि शिक्का आहे ना?