मदत हवी आहे : ब्लू नोटच्या रेकॉर्डला 'कान' नसेल तर ती ओरिजिनल नाही का?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. या विषयात मी अगदीच नवशिका आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

गेल्या शनिवारी इथे न्यू जर्सीत घराजवळच एक इस्टेट सेल (घरातलं सगळं सामान विकायला काढतात तो) होता. बायकोला जेवणाचं टेबल हवं होतं म्हणून गेलो. टेबल आवडलं नाही, पण तळघरात दुधाच्या क्रेटमध्ये उभ्या लावलेल्या रेकॉर्डी दिसल्या. बहुतेक ख्रिसमसची गाणी आणि ब्रास बँड. त्यात ब्लू नोट या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीच्या दोन निघाल्या. विकणारा गृहस्थ म्हणाला, "दोन्ही फर्स्ट प्रेसिंग, म्हणजे पहिली आवृत्ती, लेबल बघा ना." मी बघितलं, मला काय कळणार? दोन्हींचे मिळून दोनशे डॉलर दिले. टेबलाचं बजेट तिथेच संपलं, त्यामुळे सध्या घरात वातावरण तापलेलं आहे.

१. ली मॉर्गन, 'द साइडवाइंडर', कॅटलॉग नंबर ४१५७, मोनो. लेबल निळं-पांढरं, खाली 'न्यूयॉर्क, यूएसए'. कव्हरच्या मागे '४३ वेस्ट ६१ स्ट्रीट' असा पत्ता. गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा राहतो तिथे 'व्हॅन गेल्डर' असा ठसा.

२. आर्ट ब्लेकी अँड द जॅझ मेसेंजर्स, ४००३, तीही मोनो. लेबल हुबेहूब पहिल्यासारखंच, तेच 'न्यूयॉर्क, यूएसए'. गुळगुळीत पट्ट्यात नुसतं 'आरव्हीजी'. एका बाजूच्या लेबलात गोल खोलगट खाच आहे, दुसऱ्या बाजूला नाही.

नेटवर वाचलं की ब्लू नोटच्या जुन्या रेकॉर्डला 'कान' असतो. मला कुठेच कान दिसला नाही. फसलो का? आणि नंबर दोनच्या कव्हरवर 'मोनिन' हे नाव ठळकपणे कुठेच का नाही? मी तर 'मोनिन' समजून घेतली होती.

सुई_आणि_खाच

एडिसनकर, घाबरू नका. आधी कान नीट शोधू, फसवणूक झाली का ते नंतर बघू.

हा कान म्हणजे इंग्रजी पी अक्षर, वळणदार लिहिलेलं. प्लास्टिलाइट नावाच्या कारखान्याची ती खूण. ब्लू नोटच्या एलपी तिथेच दाबल्या जायच्या. कारखाना नॉर्थ प्लेनफिल्डला होता, म्हणजे तुमच्या घरापासून गाडीने जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांवर! खूण आकाराने तांदळाच्या दाण्याएवढी आणि अंगाने फार उथळ. वरचा दिवा लावून ती जन्मात दिसायची नाही. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च रेकॉर्डच्या पातळीत आडवा धरा आणि रेकॉर्ड हळूहळू फिरवा. उजेड तिरका पडला की कान एकदम उठून दिसतो. दोन्ही बाजू बघा.

'मोनिन'चं म्हणाल तर रेकॉर्ड तीच आहे. १९५९ साली ती निघाली तेव्हा नाव फक्त बँडचंच होतं. पहिलं गाणं इतकं गाजलं की लोकांनी अख्ख्या एलपीचं बारसं करून टाकलं.

बघून सांगा, मग पुढचं बोलू.

मटणस्ट्रीट

टेबलाच्या जागी ब्लू नोट! वहिनींना माझा सलाम सांगा. आमच्याकडे हेच रामायण चोर बाजारातल्या ग्रामोफोनवरून झालं होतं.

एडिसनकर

मुलीला बसवलं कामाला, तिची नजर तरुण आहे. ४००३ ला कान सापडला! दोन्ही बाजूंना. लेबलपासून बोटभर अंतरावर, जरासा कललेला. मुलगी म्हणाली, "बाबा, हा कान नाही, हा उलटा सहा आहे."

४१५७ ला मात्र नाही. अर्धा तास फिरवली, मान दुखायला लागली. कान नाहीच.

पण मग कोडं वाढलं ना? लेबल दोन्हींचं सारखं, पत्ता सारखा, एकीला कान आणि दुसरीला नाही. जिला नाही तिचं कव्हर तर अगदी जुनं आहे!

सुई_आणि_खाच

हीच तर सगळ्यांत जुनी मेख आहे, आणि तुमच्या विकणाऱ्याचा मुद्दाही इथेच लंगडा पडतो. लेबल हा कागद आहे. कागद आगाऊ छापून गठ्ठ्याने ठेवतात. कान मात्र रेकॉर्ड दाबताना कारखान्याच्या स्वतःच्या साच्यातून उमटतो. त्यामुळे दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर मी कानाचं ऐकतो.

१९६६ साली आल्फ्रेड लायन यांनी ब्लू नोट ही कंपनी लिबर्टी रेकॉर्ड्सला विकली. लिबर्टीने प्लास्टिलाइटचं काम बंद केलं आणि रेकॉर्डी आपल्या कारखान्यांत दाबायला घेतल्या. पूर्वेकडचं काम रोझेलला (तेही न्यू जर्सीच!), पश्चिमेकडचं लॉस एंजेलिसला. पण कंपनीबरोबर जुन्या लेबलांचे गठ्ठे, जुनी कव्हरं आणि धातूचे मूळ साचे असं सगळंच त्यांच्या हाती आलं. व्यवहारी माणसं, फेकतील कशाला? जुनं लेबल, जुनं कव्हर, रेकॉर्डिंग इंजिनियर व्हॅन गेल्डरच्या ठशाचा मूळ साचा, आणि दाबणारा कारखाना नवा. अशा रेकॉर्डी १९६६ नंतर पुष्कळ निघाल्या. वरून बघणाऱ्याला ती १९६४ ची वाटते. तुमची साइडवाइंडर त्यातलीच.

'न्यूयॉर्क, यूएसए' हे लेबल साधारण १९६२ पासून दिसायला लागतं. साइडवाइंडर रेकॉर्ड झाली २१ डिसेंबर १९६३ ला आणि बाजारात आली १९६४ मध्ये, म्हणजे तिच्या पहिल्या आवृत्तीला हेच लेबल हवं. पण त्याच्याबरोबर कानही हवा.

आता ४००३. ही रेकॉर्ड झाली ३० ऑक्टोबर १९५८ ला. तेव्हा लेबलवर पत्ता असायचा '४७ वेस्ट ६३, एनवायसी'. त्याच्याही आधी '७६७ लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू' होता. म्हणजे तुमच्या ४००३ वरचं लेबल तिच्या जन्मानंतर किमान तीन-एक वर्षांनी आलेलं आहे. कान आहे म्हणजे १९६६ च्या आतली. थोडक्यात, ती पहिली आवृत्ती नव्हे, पण प्लास्टिलाइटच्या काळातली, व्हॅन गेल्डरच्याच साच्यातून आलेली नंतरची आवृत्ती. माझ्या मते उत्तम माल.

एडिसनकर

म्हणजे एकच लेबल १९६४ च्या रेकॉर्डला बरोबर आणि १९५९ च्या रेकॉर्डला चूक? आणि जिला लेबल बरोबर तिला कान नाही! माझ्या नशिबाला दाद द्या.

ती एका बाजूची खाच काय भानगड आहे? ती असली की ओरिजिनल असं कुठेतरी वाचलं होतं.

सुई_आणि_खाच

'डीप ग्रूव्ह' म्हणतात तिला. नख फिरवलंत तर अडकतं. दाबयंत्रातल्या ज्या जुन्या चकत्या लेबलवर बसायच्या, त्यांच्या कडेची ही उमट. ती संगीताशी संबंधित नाही, कोणी मुद्दाम कोरलेलीही नाही. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या चकत्या झिजत गेल्या आणि त्यांच्या जागी नव्या, बिनखाचेच्या आल्या. पण एकदम नाही. एका बाजूला जुनी, दुसऱ्या बाजूला नवी असंही चालायचं, म्हणून तुमच्याकडे एकीकडेच आहे. खाच आणि तुमचं लेबल एकमेकांना छान धरून आहेत.

खाचेवरून भाव वाढवणारे लोक पाहिले की मला घराच्या किमतीत पायरीचा दगड मोजणारे दलाल आठवतात. वेस्ट ६३ लेबलच्या ४००३ ला दोन्हीकडे खाच हवी, हे खरं. पण नुसती खाच आहे म्हणून काही सिद्ध होत नाही.

क्लॅरिनेटवाली

सुई_आणि_खाच यांचं सगळं पटलं. एक भर घालते. एडिसनकर, साइडवाइंडरच्या आतलं कागदी पाकीट बघितलंत का? त्यावर ब्लू नोटच्या इतर रेकॉर्डींची चित्रं असतात आणि वर कंपनीला किती वर्षं झाली ते छापलेलं असतं. १९६४ च्या रेकॉर्डमध्ये '२५ इयर्स' लिहिलेलं पाकीट यायला हवं. पाकिटं अदलाबदल होतात, त्यामुळे हा पुरावा कच्चा आहे, पण बघायला काय जातं.

आणि तुमच्या दोन ठशांतला फरकसुद्धा बोलका आहे. रूडी व्हॅन गेल्डर सुरुवातीला आपली आद्याक्षरं हाताने कोरायचा, मग 'आरव्हीजी' असा छोटा ठसा आला, आणि साठ सालानंतर अख्खं 'व्हॅन गेल्डर'. ४००३ ला छोटा ठसा म्हणजे साचा त्याने पहिल्यांदा कोरला तेव्हाचाच. ही एलपी त्याने हॅकेनसॅकमध्ये आई-वडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात रेकॉर्ड केलं. दिवसा हा माणूस चष्म्याचे नंबर काढायचा! डोळे तपासून पोट भरलं आणि नाव काढलं कानांनी. १९५९ साली एंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला तेव्हा कुठे ते काम सुटलं. साइडवाइंडर त्या नव्या जागेतली.

दोन्ही रेकॉर्डींवर ट्रम्पेट एकाच माणसाचं आहे, हे लक्षात आलंय ना? ४००३ च्या वेळी ली मॉर्गन वीस वर्षांचा होता.

मटणस्ट्रीट

धागा थोडा पळवतो, माफी. माझ्याकडे वडिलांनी अमेरिकेहून आणलेली माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' आहे, कोलंबिया कंपनीची. तिलाही कान शोधू का?

सुई_आणि_खाच

नको, कान फक्त प्लास्टिलाइटचा. कोलंबियाला डोळे असतात! लेबलच्या दोन्ही कडांना तीन-तीन डोळ्यांसारखी चिन्हं असतील तर १९६२ पर्यंतची. मोनोचा नंबर सीएल १३५५, स्टिरिओचा सीएस ८१६३. अगदी सुरुवातीच्या प्रतींत दुसऱ्या बाजूची दोन गाणी उलट्या क्रमाने छापली आहेत, आधी 'फ्लेमेंको स्केचेस' आणि मग 'ऑल ब्लूज'. वाजतात मात्र बरोबर.

गंमत म्हणजे पहिली बाजू रेकॉर्ड करणारं यंत्र किंचित हळू चाललं, त्यामुळे रेकॉर्डवर ती बाजू थोडी चढ्या पट्टीत वाजते. १९९२ पर्यंत कोणी ते सुधारलं नाही. तानपुरा लावून बसलात तर दहा सेकंदांत कळेल.

मांडवीकाठ

मीही घुसतो मग. आजोबांच्या ट्रंकेत चिक चॉकलेटच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या मिळाल्या. चिक चॉकलेट म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियर वाझ, मुंबईत ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, सी. रामचंद्रांचे सहायकही होते. तबकड्यांवर बुरशीसारखं पांढरं आलंय. केमिस्टकडून स्पिरिट आणलंय, पुसू का?

क्लॅरिनेटवाली

थांबा!! स्पिरिट बाजूला ठेवा. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पुसाल तर चिक चॉकलेट कापसावर येतील. डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर साधा साबण, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेनेच गोल, आणि लेबल कोरडं ठेवा. लगेच टिपून उभ्या वाळवा. एडिसनकरांच्या एलपी व्हिनाइलच्या, त्यांचा प्रश्न वेगळा.

आणि त्या तबकड्यांसाठी वेगळा धागा काढा, प्लीज. लेबलचे फोटो टाका. मला बघायच्याच आहेत.

एडिसनकर

पाकीट बघितलं. '२७ इयर्स ब्लू नोट'.

क्लॅरिनेटवाली

कंपनी १९३९ ची. बेरीज तुम्हीच करा.

एडिसनकर

१९६६. झालं, निकाल लागला.

काल रात्री सगळे झोपल्यावर दोन्ही लावल्या. साइडवाइंडर स्वच्छ वाजते, तक्रार करायला जागा नाही. ४००३ ला पहिल्या मिनिटभर चरचर आहे, मग बॉबी टिमन्सचा पियानो विचारतो आणि बाकीचे उत्तर देतात तिथे ती ऐकूच येईनाशी झाली. बायको जिन्यात येऊन उभी राहिली. मला वाटलं आता टेबलाचा विषय निघणार. म्हणाली, "हे मगाचचं परत लाव."

विकणाऱ्याला फोन करून शंभर डॉलर परत मागावेत असं आधी ठरवलं होतं. आता विचार करतोय की त्या तळघरात अजून दोन क्रेट होते, ते मी नीट बघितलेच नाहीत. फोन करायचा तर कोणत्या कामासाठी करू?

सुई_आणि_खाच

क्रेटसाठी. आणि टॉर्च घेऊन जा.