मदत हवी आहे: गेम क्लायंटमध्ये ‘सिद्धेश्वर’ फुटतंय, प्लगइनही चालेना

नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितोय. भाचा, त्याचे दोन मित्र आणि मी मिळून ब्लॉकच्या एका गेममध्ये आपला भुईकोट किल्ला आणि शेजारचं सिद्धेश्वर तळं बांधतोय. तटबंदी निम्मी झालीय. पण क्लायंट (आपल्या संगणकावर गेम चालवणारा प्रोग्राम) नवा घेतल्यापासून पाट्या वाचवत नाहीत. ‘सिद्धेश्वर’ लिहिलं की पहिली वेलांटी ‘स’च्या आधी न येता नंतर येते, आणि ‘द्ध’चा जोड सुटून पाय मोडका ‘द’ वेगळा उभा राहतो. युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आधी ‘स’ साठवला जातो, मग वेलांटी. ती पुढे आणून बसवणं हे अक्षरं जुळवणाऱ्या भागाचं काम. म्हणजे फॉन्ट बदलून भागणार नाही, बरोबर ना? मी तीन बदलून पाहिले.

उपाय म्हणून एक प्लगइन (गेमला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकलं, तेही लोड होईना. लॉग (प्रोग्रामच्या नोंदींची फाइल) सांगतो, प्लगइनची क्लास फाइल (जाव्हा या प्रोग्रामिंग भाषेची तयार फाइल) 65.0 आवृत्तीची आहे, इथे 61.0 पर्यंतच चालते. म्हणजे प्लगइन जाव्हा 21 चं आणि क्लायंटसोबत आलेलं जाव्हा 17. ते बदलायची सोय सेटिंगमध्ये सापडली नाही.

प्लगइनचा सोर्स (मूळ कोड) आहे माझ्याकडे. तो 17 साठी पुन्हा बिल्ड केला तर चालेल का? कुणी केलंय?

आणखी एक. क्लायंट बनवणाऱ्यांनी अभिप्राय मागवलेत. पण देवनागरी न वाचणाऱ्याला स्क्रीनशॉटमधली चूक दिसतच नाही. त्यांना ती कळेल असा रिपोर्ट कसा लिहायचा? कुणाकडे नमुना असेल तर कृपया पाठवा. रविवारी पोरं पुन्हा बांधायला बसणार आहेत.